चार अक्षरांचा पत्ता

दुपारच्या वेळी शेजारच्या टीममधली एक सहकारी माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. "जरा बघतोस का? जॉब झीरोने संपतोय, पण क्यूत काहीच नाही." आमचं काम मेनफ्रेमवरचं. क्यू म्हणजे आयबीएमच्या एमक्यू या मेसेज पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली रांग, आणि जॉब म्हणजे पडद्यामागे धावणारं बॅचचं काम. तिच्या स्क्रीनवर जॉबलॉग, म्हणजे त्या जॉबची नोंद, उघडा होता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, प्रत्येक स्टेपपुढे कंडिशन कोड शून्य, म्हणजे सगळं सुरळीत. खाली प्रोग्रामने स्वतः छापलेल्या ओळी होत्या: किती रेकॉर्ड वाचले, किती मेसेज टाकले, कंप्लिशन कोड शून्य, रीझन कोड शून्य. आणि दुसऱ्या सेशनमध्ये तीच क्यू, डेप्थ शून्य, म्हणजे आत एकही मेसेज नाही. वाचणारा प्रोग्राम तेव्हा बंदच होता, म्हणजे कुणी मेसेज उचलून नेले असंही म्हणता येईना. मेसेज पर्सिस्टंट होते, त्यांना एक्स्पायरी नव्हती. आपोआप विरून जाण्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं. थोडी शोधाशोध केल्यावर ते सापडले. त्याच एलपारवर, म्हणजे मेनफ्रेमच्या त्याच विभागात, दुसरा एक टेस्ट क्यू मॅनेजर (क्यू सांभाळणारा प्रोग्राम) चालू होता, त्यातही त्याच नावाची क्यू होती, आणि तिथे सगळे मेसेज ओळीने, आल्या क्रमाने, न वाचलेले पडून होते. जेसीएलमध्ये, म्हणजे जॉब कसा चालवायचा ते सांगणाऱ्या ओळींत, पार्म दिलेला नव्हता; क्यू मॅनेजरचं नाव प्रोग्रामला त्यातूनच मिळायचं. प्रोग्रामने क्यू मॅनेजरच्या नावाच्या जागी नुसत्या स्पेसेस पाठवल्या होत्या आणि सिस्टिमने त्याला डिफॉल्ट मॅनेजरशी जोडून दिलं होतं. तिने पार्म घातला, जॉब पुन्हा सबमिट केला, मेसेज हवे तिथे आले, ती आभार मानून निघून गेली.

मला मात्र ती शून्यं सोडेनात.

एखादा कॉल फसला की निदान तो तसं सांगतो. २०८५ आला तर त्या नावाची क्यू इथे नाही हे कळतं, २०३५ आला तर परवानगी नाही हे कळतं. इथे तसं काहीच नव्हतं. कनेक्ट झालं, हे खरं. क्यू उघडली, हेही खरं. प्रत्येक मेसेज नीट ठेवला गेला, कमिटही झाला, म्हणजे कायमचा पक्का झाला. जॉबलॉगमधली एकही ओळ खोटी नव्हती, आणि तरी तो सगळा जॉबलॉग वाचून माणसाच्या मनात उभं राहणारं चित्र चुकीचं होतं. दोन इमारतींत एकाच क्रमांकाच्या खोलीत एकाच आडनावाची माणसं राहत असावीत आणि पत्र वेगळ्याच दारात पडावं, तसं ते झालं होतं. पोचवणाऱ्याने त्याचं काम चोख केलं. इमारत कोणती हे पत्रावर लिहिलंच नव्हतं.

मी या कामात नवा होतो तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या सरांची एक सवय होती. "जॉब झाला" असं त्यांना सांगितलं की ते मान वर न करता एवढंच विचारायचे, "कुठे?" सुरुवातीला मला त्या प्रश्नाचा रोख कळायचा नाही. झाला म्हणजे झाला की. हळूहळू उमगत गेलं की मेनफ्रेमवर 'कुठे' हाच अर्ध्याहून जास्त प्रश्न असतो. कोणत्या एलपारवर धावला, कोणत्या लायब्ररीतून लोड मोड्यूल (चालवायला तयार प्रोग्राम) उचललं, कोणत्या डीबीटू डेटाबेसला लागला, कोणत्या क्यू मॅनेजरला जोडला. प्रोग्राम तोच, इनपुट तेच, आणि 'कुठे' बदललं की परिणाम बदलतो. सर जॉबलॉग हातात आला की आधी वरच्या ओळी वाचायचे, जिथे सिस्टिमचं नाव असतं. शेवटचा रिटर्न कोड ते सगळ्यात शेवटी बघायचे.

दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरून इकडे आलेल्या मुलांना बॅचमधलं कनेक्शन समजावताना मला दर वेळी जाणवतं की त्यांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही असतं. त्यांच्याकडे होस्टचं नाव असतं, पोर्ट असतो, चॅनेल असतं, जगाच्या पाठीवर कुठेही बसून क्लायंट म्हणून जोडता येतं. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या कोबॉल बॅच प्रोग्रामला यातलं काहीही लागत नाही आणि काहीही मिळत नाही. तो ज्या एलपारवर धावतोय त्याच एलपारवरच्या क्यू मॅनेजरला, मेमरीची हद्द ओलांडून, थेट हाक मारतो. क्यू मॅनेजर म्हणजे डीबीटूसारखीच एक सबसिस्टिम. सहसा आयपीएलच्या वेळी, म्हणजे सिस्टिम सुरू होताना, पार्मलिब या सेटिंगच्या लायब्ररीतल्या सबसिस्टिमच्या यादीतून ती सिस्टिमला ओळखीची होते, आणि सबसिस्टिमचं नाव चार अक्षरांपेक्षा मोठं असूच शकत नाही. जोडणीसाठीच्या एमक्यूकॉन या कॉलमधली नावाची जागा ४८ अक्षरांची असते, कारण इतर प्लॅटफॉर्मवर मॅनेजरची नावं तेवढी लांब असू शकतात. आपण त्यात चार अक्षरं लिहितो, उरलेल्या ४४ जागा स्पेसेसनी भरतो. सगळा पत्ता त्या चार अक्षरांत मावतो.

म्हणजे योग्य क्यू मॅनेजरला जोडणं ही गोष्ट प्रोग्राम सुरू होण्याच्या आधीच सुरू झालेली असते. जॉब योग्य एलपारवर धावायला हवा. जॉबपार्म कार्डात सिसॲफ लिहून तो एका सिस्टिमला बांधून ठेवता येतो, किंवा शेड्यूलिंग एन्व्हायर्नमेंटचं नाव देऊन 'जिथे हा मॅनेजर चालू असेल तिथेच धाव' असं सांगता येतं. हे विसरलं तर दोन पैकी एक कोड भेटतो, आणि त्या दोघांतला फरक ओळखता येणं मला फार महत्त्वाचं वाटतं. २०५८ म्हणजे हे नाव या सिस्टिमला माहीतच नाही. नाव चुकलंय, किंवा तुम्ही चुकीच्या एलपारवर आहात. २०५९ म्हणजे नाव माहीत आहे, पण तो मॅनेजर सध्या चालू नाही. पहिल्यात आपण आपलं जेसीएल तपासायचं, दुसऱ्यात ऑपरेशन्सला फोन करायचा. रात्रीच्या पाळीत, एसीचा एकसुरी आवाज आणि दिव्यांचा पांढरा उजेड सोडला तर सोबतीला कुणी नसताना, हे दोन आकडे वेगळे असल्याचा मोठा आधार वाटतो. कुणाला उठवायचं आणि कुणाला झोपू द्यायचं ते त्यावरून ठरतं.

त्या दुपारच्या प्रसंगानंतर मी बरेच दिवस एकाच गोष्टीभोवती घोटाळत होतो: नाव सांगायची जबाबदारी नेमकी कुणाची? डीबीटूच्या बॅच जॉबकडे पाहिलं तर तिथे हा प्रश्न सहसा पडत नाही. आयकेजेईएफटी०१ हा तयार प्रोग्राम चालवायचा, इनस्ट्रीम कार्डात डीएसएन सिस्टिम आणि कंसात सबसिस्टिमचं नाव लिहायचं, मग प्रोग्राम आणि प्लॅन. नाव जेसीएलमध्ये ठसठशीत दिसतं. प्रोग्राममध्ये एसक्यूएल असतं, कुठे जोडायचं ते नसतं. किक्समध्ये, म्हणजे ऑनलाइन व्यवहार चालवणाऱ्या सिस्टिममध्ये, तर प्रोग्रामरला याचा विचारच करावा लागत नाही. रीजन (किक्सची एक चालू प्रत) ज्या क्यू मॅनेजरशी जोडलेला असेल तोच त्यातल्या प्रत्येक प्रोग्रामचा मॅनेजर. प्रोग्रामने एमक्यूकॉन केलाच तरी त्यातलं नाव बघितलंही जात नाही. काहीही लिहा, स्पेसेस लिहा, चालून जातं. या दोन जगांत वाढलेला प्रोग्रामर बॅचमध्ये एमक्यू वापरायला लागतो आणि पहिल्यांदाच नाव सांगायची पाळी थेट त्याच्या कोडवर येते. तो किक्समधला चालता प्रोग्राम घेतो, स्टब (प्रोग्रामला एमक्यूशी जोडणारा छोटा कोड) बदलून बॅचचा लिंक करतो, टेस्टमध्ये चालवतो. चालतो. त्या कोडमध्ये नावाच्या जागी स्पेसेस आहेत आणि त्या स्पेसेसना आता अर्थ आलाय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. यात मला त्याचा दोष दिसत नाही. एका घरात ज्याची गरज नव्हती ते दुसऱ्या घरात सगळ्यांत महत्त्वाचं ठरतं, आणि उंबऱ्यावर तशी पाटी नाही.

स्टबबद्दल एवढंच सांगतो, कारण यावर नेहमी गोंधळ होतो. बॅचचा साधा स्टब सीएसक्यूबीस्टब. डीबीटू आणि एमक्यू दोघांचं कमिट एकत्र हवं असेल तर आरआरएसचे स्टब. स्टब ठरवतो तो माहोल, म्हणजे तुम्ही बॅचमध्ये आहात की किक्समध्ये की आयएमएसमध्ये. कोणत्या क्यू मॅनेजरशी बोलायचं हे स्टब कधीच ठरवत नाही. चुकीच्या मॅनेजरला लागलेला जॉब पुन्हा लिंक करून दुरुस्त करू पाहणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचा वेळ वाया जातो म्हणून वाईट वाटतं.

आता त्या स्पेसेसचा अर्थ. नाव कोरं पाठवलं की बॅच अ‍ॅडॅप्टर सीएसक्यूबीडीईएफव्ही नावाचं एक छोटं मोड्यूल लोड करतो आणि त्यात लिहिलेलं नाव वापरतो. ते मोड्यूल सिस्टिम प्रोग्रामरने कधीतरी, इन्स्टॉलेशनच्या वेळी, असेंबल करून लायब्ररीत ठेवलेलं असतं. आता जॉबला ते सापडणार कुठून? स्टेपलिबमधून, म्हणजे जेसीएलमध्ये त्या स्टेपसाठी दिलेल्या लायब्ररींतून, आणि तिथे नसेल तर लिंकलिस्टमधून, म्हणजे सिस्टिमच्या सामायिक लायब्ररींतून. म्हणजे 'डिफॉल्ट' हा शब्द ऐकून आपल्याला वाटतं तसं ते सगळ्या सिस्टिमसाठी एकच, दगडावर कोरलेलं नाव असेलच असं नाही. स्टेपलिबमध्ये कोणती लायब्ररी आधी लिहिली आहे, यावरही ते ठरू शकतं. दोन जॉब, दोन्हींत पार्म नाही, दोन्हींत प्रोग्राम तोच, आणि स्टेपलिबची एक ओळ वेगळी. तर दोघे दोन वेगळ्या मॅनेजरना लागू शकतात. स्टेपलिबची ओळ माणसं 'प्रोग्राम कुठून उचलायचा' म्हणून वाचतात. तिथे मेसेजचं भवितव्य लिहिलेलं असेल हे कुणाच्या मनातही येत नाही. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की ते मोड्यूल मिळालंच नाही तर २१३२ येतो आणि जॉब थांबतो. अ‍ॅडॅप्टरचीच लायब्ररी लावायची राहिली तर २१२९ किंवा २१३०. हे कोड पाहून नवी मुलं घाबरतात. मला ते बघून हायसं वाटतं, कारण अजून कुठलाच मेसेज कुठेही गेलेला नसतो.

डिफॉल्टची सोय ज्यांनी ठेवली त्यांचा हेतू मला समजतो. प्रोग्राम एका जागेहून दुसरीकडे नेताना कोड बदलावा लागू नये, हा विचार चांगलाच आहे. एमएस-डॉसपासून ते मेनफ्रेमपर्यंत 'सांगितलं नाही तर नेहमीचं समज' या तत्त्वावर किती तरी गोष्टी सुखाने चालतात. ज्या एलपारवर एकच क्यू मॅनेजर आहे तिथे ही सोय निर्धोक आहे. दुसरा मॅनेजर आला त्या दिवसापासून तीच सोय धोक्याची होते, आणि तो दुसरा मॅनेजर उभा करणाऱ्याला आधीच्या शेकडो जॉबपैकी कोण कोरं नाव पाठवतंय हे ठाऊक असायचं कारण नसतं. इथे कुणीही बेफिकीर वागलेलं नसतं. प्रत्येकाने आपापल्या काळात योग्य तेच केलेलं असतं.

क्यूंची नावं सगळीकडे सारखी ठेवणं, हाही असाच शहाणपणाचा निर्णय. टेस्टमध्ये एक नाव, प्रॉडक्शनमध्ये दुसरं, असं केलं की प्रोग्राम किंवा कंट्रोल कार्ड प्रत्येक पायरीवर बदलावं लागतं आणि बदलताना चुकतं. म्हणून क्यूचं नाव तेच ठेवायचं आणि फरक फक्त मॅनेजरच्या नावात ठेवायचा. मला ही पद्धत पटते, मी स्वतःही हीच सुचवतो. पण ती स्वीकारली की दोन जगांमधली सगळी भिंत त्या चार अक्षरांवर उभी राहते. मग ती चार अक्षरं कोरी ठेवायची मुभा कुणालाच असू नये.

माझं मत आता पक्कं झालं आहे. नाव प्रोग्राममध्ये लिहायचं नाही, कारण टेस्टमध्ये तपासलेलं लोड मोड्यूल जसंच्या तसं प्रॉडक्शनला गेलं पाहिजे. मधे कंपाइल केलं की तपासणीला अर्थ उरत नाही. नाव कोरंही ठेवायचं नाही. ते जॉबने सांगायचं, पार्ममधून किंवा कंट्रोल कार्डातून, जिथे जेसीएल वाचणाऱ्या कुणालाही ते डोळ्यांना दिसेल. आणि पार्म आलाच नाही तर प्रोग्रामने तिथेच थांबायचं, शून्य नसलेला रिटर्न कोड देऊन. डिफॉल्टकडे वळायचं नाही. कोबॉलमध्ये याला दोन-तीन ओळी लागतात. लिंकेज सेक्शनमध्ये, म्हणजे बाहेरून आलेल्या डेटाच्या जागेत, पार्मच्या आधी दोन बाइटची लांबी येते. ती शून्य असेल तर काम सुरूच करायचं नाही.

त्या लांबीशी आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. पार्ममध्ये चार अक्षरं आली की त्या चारांच्या पुढच्या जागेत काय आहे याची कुणी हमी देत नाही. लिंकेजमधलं ते फील्ड थेट एमक्यूकॉनला दिलं तर तो ४८ अक्षरं वाचतो, चार आपली आणि ४४ कुणाची तरी. कधी तिथे योगायोगाने कोरी जागा असते आणि वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी नसते, आणि दिसायला अगदी बरोबर असलेल्या नावावर २०५८ येतो. म्हणून वर्किंग स्टोरेजमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेत, ४८ अक्षरांचं फील्ड घ्यायचं, त्यात आधी स्पेसेस भरायच्या, आणि लांबी सांगते तेवढीच अक्षरं हलवायची. हे लिहिताना मला कंटाळा येत नाही. हातमाग चालवणाऱ्याला दोऱ्याची गाठ मारताना येत नसावा तसाच.

कंट्रोल कार्ड वापरत असाल तर तिथेही आता सोय आहे. पूर्वी इनस्ट्रीम डेटात, म्हणजे जेसीएलच्या आतच लिहिलेल्या डेटात, जेसीएलचे सिंबल (खऱ्या किमतीच्या जागी लिहिलेली नावं) बदलून मिळत नसत. झेड/ओएस २.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, एक्स्पोर्ट स्टेटमेंट आणि डीडीवर सिंबल्स लिहून ते करता येतं. एका जागी क्यू मॅनेजरचं नाव सेट करायचं आणि खालच्या सगळ्या स्टेपनी तेच वाचायचं. प्रोसीजरमध्ये सिंबलला आधीच एक किंमत देऊन ठेवायची पद्धत मात्र मला आवडत नाही. टेस्टचं नाव तिथे राहून जातं, प्रॉडक्शनच्या जॉबमध्ये ते ओव्हरराइड करायचं राहून जातं, आणि आपण पुन्हा डिफॉल्टच्याच गल्लीत येतो, फक्त वेगळ्या दाराने.

रॅकएफबद्दल, म्हणजे परवानग्या तपासणाऱ्या यंत्रणेबद्दल, बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. एमक्यूकॉन नावाच्या क्लासमध्ये प्रत्येक क्यू मॅनेजरसाठी प्रोफाइल असतं: मॅनेजरचं नाव, टिंब, बॅच. त्या प्रोफाइलला ज्या आयडीला परवानगी नाही, तो बॅचमधून त्या मॅनेजरला जोडूच शकत नाही. किक्ससाठी वेगळं, आयएमएससाठी वेगळं, चॅनेल इनिशिएटरसाठी वेगळं. टेस्टचा आयडी प्रॉडक्शनच्या मॅनेजरपाशी गेला की दारातच २०३५. या कोडवर माणसं वैतागतात, मीही तरुणपणी वैतागत असे. फॉर्म भरा, मंजुरी घ्या, वाट बघा. आता तो कोड दिसला की कुणीतरी आपल्या आधी, आपल्याला न ओळखता, आपली काळजी घेऊन ठेवली आहे असं वाटतं. सिक्युरिटी अ‍ॅडमिनचं काम कुणाच्या नजरेत येत नाही. जे घडलं नाही त्याची नोंद कोण ठेवणार? तरी या कुंपणाची मर्यादा त्या दुपारी दिसलीच. दोन्ही मॅनेजर टेस्टचे, दोन्हींना त्या टीमच्या आयडीची परवानगी. प्रॉडक्शन आणि टेस्टमध्ये भिंत होती, टेस्ट आणि टेस्टमध्ये नव्हती.

ते मेसेज सापडल्यावर मी त्यातला एक हेक्समध्ये उघडून बराच वेळ बघत बसलो होतो. मेसेज डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे मेसेजसोबतच्या माहितीत, टाकणाऱ्याचं नाव असतं. बॅचसाठी तिथे जॉबचं नाव येतं. तिच्याच जॉबचं नाव होतं. मग मेसेज आयडी. २४ बाइटचा तो आयडी मॅनेजरला बनवू दिला तर झेड/ओएसवर त्याची सुरुवात सीएसक्यू आणि एक स्पेस अशी होते, आणि त्याला लागूनच, ज्या क्यू मॅनेजरवर तो मेसेज जन्मला त्याचं नाव येतं, नंतर घड्याळावरून काढलेला आकडा. १९९३ मध्ये हे उत्पादन एमक्यूसीरीज नावाने आलं, २००२ मध्ये ते वेबस्फिअर एमक्यू झालं, २०१४ मध्ये आयबीएम एमक्यू. आयडीच्या सुरुवातीची ती तीन अक्षरं तशीच राहिली. पहिल्या मेसेजपासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाच्या अंगावर खरा पत्ता लिहिलेला होता. तो जॉबलॉगमध्ये मात्र कुठेच नव्हता, कारण प्रोग्रामने तो कधी विचारलाच नाही.

विचारता येतो. कनेक्ट झाल्यावर क्यू मॅनेजरलाच ऑब्जेक्ट म्हणून इन्क्वायरसाठी उघडायचं आणि एमक्यूइन्क या कॉलने त्याचं नाव मागायचं. जे नाव परत येतं ते छापायचं, आणि पार्ममधल्या नावाशी ताडून बघायचं. हे पहिला मेसेज टाकायच्या आधी करायला हवं. झेड/ओएसवर पुट करताना काहीच सांगितलं नाही तर तो सिंकपॉइंटमध्येच धरला जातो, म्हणजे कमिट होईपर्यंत पक्का होत नाही, आणि बॅच प्रोग्राम नीट संपला की सगळं कमिट होतं. अ‍ॅबेंड झाला, म्हणजे मधेच कोसळला, तर मागे फिरतं. म्हणजे चुकीच्या मॅनेजरला लागलेला प्रोग्राम जितका शहाण्यासारखा संपेल तितकं त्याचं काम पक्कं होऊन बसणार. ताडून बघायची वेळ सुरुवातीलाच असते.

मी हे सांगतो तेव्हा आमच्यातला एक तरुण सहकारी हसून म्हणतो, "सर, नाव आपणच दिलं, मग परत विचारायचं कशाला?" त्याचा प्रश्न योग्य आहे. नेमकं मॅनेजरचं नाव दिलं असेल तर दुसरा कुणी उत्तर देणार नाही. पण त्याला नाव द्यायचंच नाहीये, त्याला ग्रुपचं नाव द्यायचं आहे. क्यू शेअरिंग ग्रुपमध्ये अनेक एलपारवरचे मॅनेजर एकत्र येतात, शेअर्ड क्यू कपलिंग फॅसिलिटी या सामायिक मेमरीत राहतात, सामायिक व्याख्या डीबीटूत. एमक्यूकॉनमध्ये मॅनेजरच्या ऐवजी ग्रुपचं चार अक्षरी नाव दिलं की जॉब ज्या एलपारवर असेल तिथला त्या ग्रुपचा जो मॅनेजर चालू असेल त्याला जोडला जातो. सिसॲफ नको, एक एलपार बंद पडला तर जॉब दुसरीकडे, जेसीएलला हात लावायला नको. ऑपरेशन्समधली माणसं ज्याची कित्येक वर्षं वाट पाहत होती ते हे. त्याचा उत्साह मला कळतो, आणि शेअर्ड क्यूवर काम करणाऱ्या जॉबसाठी मी त्याच्या बाजूने आहे. मेसेज कोणत्याही दाराने आत टाका, तो एकाच क्यूत जातो आणि ग्रुपमधला कुणीही तो वाचू शकतो.

पण ग्रुपमधली प्रत्येक क्यू शेअर्ड नसते. एखादी क्यू ग्रुप डिस्पोझिशनने एकदा व्याख्या केली की प्रत्येक मॅनेजरवर तिची प्रत तयार होते. नाव तेच, गुणधर्म तेच, आणि मेसेज मात्र ज्याचे त्याच्या पेजसेटवर, म्हणजे डिस्कवरच्या साठ्यात, स्वतंत्र. ग्रुपच्या नावाने जोडलेला जॉब आज एका एलपारवर धावला तर मेसेज एका प्रतीत, उद्या दुसऱ्या एलपारवर धावला तर दुसऱ्या प्रतीत. वाचणारा जॉब तिसरीकडे धावला तर त्याला २०३३ मिळणार, मेसेज नाही, आणि बहुतेक प्रोग्राम २०३३ला 'काम संपलं' समजून शून्याने संपतात. इथे जी क्यू रिकामी दिसेल ती खरोखरच रिकामी असेल, मेसेज तिच्या दुसऱ्या प्रतीत असतील. यावर आमचं दोघांचं अजून एकमत झालेलं नाही. तो म्हणतो, सगळ्या क्यू शेअर्ड करून टाकू. मी म्हणतो, कपलिंग फॅसिलिटीतली जागा अमर्याद नाही. ६३ केबीपेक्षा मोठे मेसेज बाहेर डीबीटूत किंवा शेअर्ड मेसेज डेटा सेटमध्ये टाकावे लागतात, आणि आमचे रात्रीचे काही मेसेज त्याहून मोठे असतात. एवढ्यावर आम्ही तात्पुरते आलो आहोत: जॉब कोणती क्यू वापरतो ते बघून ग्रुपचं नाव द्यायचं की मॅनेजरचं ते ठरवायचं, आणि दोन्हीकडे एमक्यूइन्कची ओळ जॉबलॉगमध्ये छापायची. ग्रुपच्या बाबतीत तर ती हवीच, कारण कोण भेटलं हे त्याशिवाय कळायला दुसरा सोपा मार्ग नाही.

जुन्या जॉबचं काम मात्र सावकाश चाललं आहे. कोरं नाव पाठवणारे प्रोग्राम शोधणं तसं सोपं, सोर्समध्ये दिसतं. अवघड आहे ते त्यांना हात लावणं. इतकी वर्षं तो जॉब ज्या मॅनेजरला लागतोय तोच योग्य, की तोही असाच चुकून लागलाय आणि खाली कुणीतरी त्या चुकीवर विसंबून काम रचलंय? म्हणून आधी काही बदलायचं नाही असं ठरवलं. जॉब धावत असताना प्रत्येक मॅनेजरवर डिस्प्ले कॉन ही कमांड द्यायची, अ‍ॅप्लिकेशन टाइप बॅच असलेली कनेक्शनं बघायची, कोणता जॉब कुठे लागलाय ते लिहून घ्यायचं. मग तेच नाव पार्ममध्ये घालायचं. वागणं तेच राहतं, फक्त ते आता लिहिलेलं असतं. चूक असेल तर ती पुढच्या माणसाला निदान वाचता येईल. रोजचे जॉब झाले, महिनाअखेरीचे बरेचसे झाले. वर्षअखेरीचे राहिलेत. ते वर्षातून एकदा धावतात, एरवी त्यांचं कनेक्शनच नसतं, मग विचारायचं कुणाला? त्यांच्यासाठी गेल्या वर्षअखेरीच्या एसएमएफ ११६च्या, म्हणजे सिस्टिमने साठवलेल्या एमक्यूच्या वापराच्या, नोंदी मागवल्या आहेत. अकाउंटिंग ट्रेस तेव्हा सगळ्या मॅनेजरवर चालू असेल तर जॉबचं नाव आणि मॅनेजरचं नाव त्यात मिळेल. नसेल, तर पार्मशिवायचा जॉब तसाच ठेवून यंदाच्या वर्षअखेरीला कुणीतरी स्क्रीनसमोर बसायचं, आणि ते मी बसेन असं सांगून ठेवलं आहे.